खेळ म्हणताय, मग 'कट' कुठे आहे?

'लार्प' म्हणजे काय, असं आपल्या मेसच्या टेबलावर विचारलं तर निम्मे म्हणतील नवीन सॉफ्टवेअर असेल, आणि उरलेले घाबरून विचारतील, "पुढच्या सेमला आहे का रे?" नाही बाबांनो, सिलॅबसमध्ये नाही. लाइव्ह अॅक्शन रोल प्लेइंग, त्याचं लघुरूप लार्प. नाटकच म्हणा ना, फक्त यात प्रेक्षक नसतो. आलेला प्रत्येक जण पात्र असतो. संवाद पाठ करायचे नाहीत. तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय, कोणाशी पटत नाही, एवढं एका कागदावर मिळतं. पुढे जे घडेल ते तिथल्या तिथे, आणि तेही काही तास किंवा काही दिवस.

हा दहा-वीस टाळक्यांचा पोरखेळ आहे असं समजू नका. जर्मनीतला 'कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया' २००४ मध्ये सुरू झाला. ब्रोकेलोह नावाच्या छोट्याशा गावाजवळ तंबूंचं अख्खं शहर उभं राहतं आणि हजारो लोक सैनिक, व्यापारी, वैद्य, पुरोहित बनून त्यात राहतात. डेन्मार्कमध्ये होब्रोला 'ओस्टरस्कोव्ह' ही निवासी शाळा २००६ पासून आहे. तिथे इतिहासापासून गणितापर्यंतचे विषय भूमिका करत शिकवतात. आणि पोलंडमधल्या चोखा किल्ल्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये 'कॉलेज ऑफ विझार्ड्री' सुरू झालं. जगभरातून नोकरी करणारी, पोराबाळांची माणसं पैसे भरून येतात आणि काय बनतात? कॉलेजची मुलं! वसतिगृह, सिनिअर-ज्युनिअर, रात्रीच्या भानगडी, सगळं आहे. म्हणजे आपण जे फुकटात भोगतोय, त्याची तिकडे तिकिटं विकली जातात.

विनोद सोडा. मी हा लेख लिहायला बसलो तो याच सिनिअर-ज्युनिअर प्रकरणामुळे.

आपल्याकडेही दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एक लार्प होतं. त्याला 'इंट्रो' म्हणतात. सिनिअर 'साहेब' होतो, ज्युनिअर मान खाली घालून तिसऱ्या बटनाकडे बघतो. ठरलेला वेश, ठरलेली भाषा, ठरलेली वेळ (बहुधा रात्री साडेअकरानंतर, रेक्टर सर झोपल्यावर). आणि कोणी तक्रार केलीच तर उत्तरही ठरलेलं असतं: "अरे, सिरियसली काय घेतोस, नाटक होतं ते! मजा!" चार वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता विचारावंसं वाटतं, ठीक आहे, नाटक तर नाटक. मग नाटकाचे नियम कुठे आहेत?

कारण ज्यांनी हा खेळ गंभीरपणे खेळला, त्यांनी आधी नियम केले. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमधली लार्पवाली मंडळी १९९७ पासून दरवर्षी एकत्र येऊन याच गोष्टींचा खल करतात. त्यातून रूढ झालेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, खेळाआधी कार्यशाळा. आज काय होणार, कुठपर्यंत जाणार, हे सगळ्यांना आधी माहीत असतं. दोन, 'कट'. हा शब्द कोणीही, कधीही उच्चारला की खेळ जागच्या जागी थांबतो. राजा असो की कैदी, सगळ्यांच्या 'कट'ची किंमत सारखी. पूर्ण थांबवायचं नसेल, फक्त जरा सौम्य करायचं असेल तर 'ब्रेक' म्हणायचं. तीन, दार उघडं. कोणीही कारण न देता उठून जाऊ शकतो, आणि गेला म्हणून त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. चार, शेवटी गोल बसून बोलणं, म्हणजे डीब्रीफ. पात्र उतरवून ठेवायचं आणि "तू ठीक आहेस ना?" असं एकमेकांना माणूस म्हणून विचारायचं.

हे चौथं का लागतं? तर 'ब्लीड'साठी. लाल टीशर्ट आणि पांढरा शर्ट एका बादलीत भिजवला की काय होतं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. तसंच पात्राच्या मनातलं खेळणाऱ्याच्या मनात उतरतं. खेळात झालेला अपमान खोटा असतो, पण पोटात पडलेला खड्डा खरा असतो. 'साहेब' होणाऱ्यालाही रंग लागतोच. पंधरा दिवस हुकूम सोडण्याची सवय झाली की सोळाव्या दिवशी ती सुटत नाही.

नियम नसले की काय होतं याचीही उदाहरणं आहेत. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात झिम्बार्डो यांनी तळघरात खोटा तुरुंग मांडला. काही विद्यार्थी पहारेकरी, काही कैदी. दोन आठवडे चालणारा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला. पुढे या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली. पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधीच सुचवलं गेलं होतं, असंही बाहेर आलं. पण त्याने मुद्दा आणखी पक्काच होतो. आपल्याकडेही सेकंड इयरला कोणीतरी सुचवलेलंच असतं!

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. 'स्लीप नो मोअर' हे मॅकबेथवर बेतलेलं नाटक तिथे २०११ ते जानेवारी २०२५ पर्यंत चाललं. रंगमंच नाही, खुर्च्या नाहीत. अनेक मजली इमारतीत प्रेक्षक पांढरे मुखवटे घालून नटांच्या मागे फिरायचे. अप्रतिम कल्पना. पण २०१८ मध्ये तिथल्या काही कलाकारांनी पत्रकारांना सांगितलं, की मुखवट्याआडच्या काही प्रेक्षकांनी त्यांच्याशी लगट केली. चेहरा झाकला, अंधार झाला आणि 'इथे सगळं चालतं' असं वाटलं की तिकीट काढून आलेला सभ्य माणूसही घसरू शकतो. मग मध्यरात्रीच्या कॉरिडॉरचं काय सांगावं?

काही जण म्हणतील, एवढे नियम घातले तर मजा काय राहिली? मित्रांनो, वर्कशॉपमधल्या लेथवर लाल बटन असतं. त्याने कधी जॉब बिघडलाय? उलट ते बटन आहे म्हणून आपण निर्धास्त हात घालतो. लार्पमध्येही तेच. थांबवता येतं हे माहीत असतं, म्हणून लोक मनापासून रडतात, भांडतात, घाबरतात. दुसरा आक्षेप, "आम्ही सहन केलं म्हणून टफ झालो." झाला असाल. पण जे सोडून गेले, ते हे सांगायला इथे नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर कमी नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, २००७ मध्ये राघवन समितीचा अहवाल आला, २००९ मध्ये यूजीसीचे नियम आले. अॅडमिशनला आपण आणि आपले पालक हमीपत्रही भरून देतो. ते हवंच. पण नुसत्या बंदीने इंट्रो थांबत नाही, फक्त आणखी उशिरा आणि आणखी आतल्या खोलीत होतो. नव्या मुलांशी ओळख व्हावी ही गरज खरी आहे. तिला चांगली जागा दिली पाहिजे.

म्हणून एक सूचना, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. यंदा फ्रेशर्सच्या आधी एका शनिवारी कॉमन हॉलमध्ये तीन तासांचं लार्प करू. विषय सुचवतो: २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर. कोणी धरणावरचा इंजिनिअर, कोणी कलेक्टर, कोणी सरपंच, कोणी होडीवाला. पाणी किती सोडायचं, आधी कोणतं गाव हलवायचं, होड्या पाच आणि मागणारे पंधरा! भूमिका चिठ्ठ्या टाकून. फर्स्ट इयरचा पोरगा कलेक्टर होईल आणि फायनल इयरवाला त्याच्यापुढे हात जोडून होडी मागेल. खर्च? चिठ्ठ्या, खडू आणि चहा. डिस्नेने फ्लोरिडात 'स्टार वॉर्स'चं असलं हॉटेल मार्च २०२२ मध्ये काढलं, दोघांना दोन रात्रींचे जवळजवळ पाच हजार डॉलर, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केलं. भारी सेट असला म्हणजे खेळ चालतोच असं नाही.

सुरुवातीला चार नियम फळ्यावर लिहायचे. शेवटी गोल बसायचं. आणि त्यानंतर कोणी रात्री साडेअकराला ज्युनिअरच्या खोलीचं दार वाजवून "मजा आहे रे" म्हणालं, तर त्याने एवढंच विचारायचं: मी 'कट' म्हटलं तर थांबाल का?

उत्तर 'हो' असेल तर तो खेळ. नसेल तर त्याला काय म्हणतात, ते हमीपत्रावर छापलेलं आहे.