एका तिकिटावर दोन गायक
१९९९ च्या उन्हाळ्यात बॉब डिलन आणि पॉल सायमन हे १९४१ सालीच जन्मलेले दोन अमेरिकन गीतकार-गायक एकाच दौऱ्यावर निघाले, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ कापला गेला ही रसिकांची तक्रार, पदरचे दाम मोजणाऱ्यांची म्हणून, मी बिनशर्त मंजूर करतो. परंतु शेवटी गाण्याचा मान आळीपाळीने घेणारे हे दोघे दोन मैफलींच्या सांध्यावर एकत्र उभे राहून ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ गात, आणि आपल्याच चाली वारंवार मोडणाऱ्या डिलनच्या खरखरीत स्वराशेजारी सायमनचा नितळ, काटेकोर स्वर उमटे, तो योग स्वतंत्र कार्यक्रमांत कोठून यावा? अशा संयुक्त दौऱ्यांना निव्वळ गल्ल्याचा व्यवहार ठरविणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.