घरची बरणी आणि सरकारची तिजोरी

१/ मुळशीतल्या परवानाधारक रिसॉर्टमध्ये नाशिकच्या द्राक्षांची वाईन राजरोस मिळते. त्याच तालुक्यात कोणी परसातल्या जांभळांची वाईन विनापरवाना बरणीत घातली, तर तो गुन्हा ठरतो. या भेदाला 'आपली संस्कृती' असे नाव दिले जाते. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. #थ्रेड

२/ कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. द्राक्षरसाच्या मद्याला तिथे 'मधु' म्हटले आहे. मद्यावर कडक देखरेख सांगणारा हाच ग्रंथ गृहस्थांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा देतो. म्हणजे नियंत्रण होते, तसा घराला अपवादही होता.

३/ इंग्रजी राजवटीने महसुलासाठी घरगुती निर्मितीची कोंडी केली. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी परवाने आणि मक्त्यांत जखडली. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. मुळशीहून ताम्हिणी घाट उतरला की लागतो तो हाच कुलाबा, आजचा रायगड.

४/ दारूबंदीचे समर्थक महात्मा फुले यांचा दाखला देतात. तो पुरा द्यावा. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी विरोध केला तो शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना. ती दुकाने सरकारी परवान्यावर चालत आणि तिजोरी भरत.

५/ स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव त्याने 'मद्य' ठरवला. बरणीत फळे आंबवणे आणि भट्टीवर दारू गाळणे एकाच बंदीखाली आले. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी मुख्यत्वे कायम ठेवली, पण अल्कोहोलयुक्त औषधांवरील निर्बंध रद्द केले. द्राक्षे आंबवूनच केलेले द्राक्षासव आज औषधाच्या दुकानात उजळ माथ्याने विकले जाते.

६/ २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वाईन कारखान्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधील वाईनविक्रीला मंजुरी दिली आणि कारण सांगितले शेतकऱ्याच्या हिताचे. मग शेतकऱ्याने स्वतःचे फळ स्वतःच्या घरी आंबवले, तर त्याचे हित कुठे बुडते?

७/ आक्षेप येईल की दारूने संसार उद्ध्वस्त होतात. होतात, हे निर्विवाद. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. पण ते मिथेनॉलमिश्रित दारूच्या चोरट्या विक्रीचे बळी होते. त्या विक्रेत्याला आणि सणापुरती बरणी भरणाऱ्या आजीला एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे.

८/ नाताळासाठी काळ्या द्राक्षांची वाईन घरी करण्याची रीत मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत जुनी आहे. मुळशीच्या धुवाधार पावसात द्राक्षवेल तगवणे कठीण. इथला रानमेवा करवंदे आणि जांभळे. फळ बदलले तरी प्रश्न तोच राहतो.

९/ मागणी माफक आहे. गाळण्यावर बंदी राहो, विनापरवाना विक्रीवर बंदी राहो. फक्त आंबवलेल्या फळरसाला, घरच्या वापरापुरती, ठरावीक मर्यादेत मुभा द्यावी. अमेरिकेचा संघीय कायदा दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन वाईन करमुक्त करू देतो. इथे त्याचा अंशही पुरेल. आणि हे नाकारायचेच असेल, तर सरकारने संस्कृतीची ढाल पुढे न करता महसुलाचे कारण उघड सांगावे.