तळ्यामागची नदी

तळे असावे तर भोपाळचे, बाकीची नुसती डबकी, अशा अर्थाची एक म्हण या शहरात लहानथोरांच्या तोंडी आहे. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसासही ती ऐकून आपल्याच घराची स्तुती ऐकल्याचे सुख होते. परंतु याच गृहस्थांस ‘कोलांस नदी कोठे आहे हो?’ असे कोणी विचारले, तर बहुधा ते क्षणभर स्तब्ध होतील. वास्तविक मोठे तळे हे निसर्गनिर्मित सरोवर नव्हेच. अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांसच्या प्रवाहास मातीचा बांध घातला आणि हे तळे निर्माण झाले, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्यास आपण तळे म्हणतो, ती अडवून धरलेली नदी होय.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे तळ्याच्या रक्षणाचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. तळे पूर्ण भरले असता त्याचा विस्तार सुमारे ३१ चौरस किलोमीटर असतो. त्यास पाणी पुरविणारे पाणलोट क्षेत्र मात्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर, म्हणजे तळ्याच्या अकरापटींहूनही अधिक आहे. त्याचा बराचसा भाग शेजारच्या सीहोर जिल्ह्यातील शेतांत व खेड्यांत पसरला आहे. तेथील उघड्या उतारावरची माती, शेतात टाकलेले खत, पिकांवर फवारलेले औषध, यांपैकी जे पावसाच्या पाण्याबरोबर सुटेल ते आज ना उद्या तळ्यात उतरावयाचे. अंगणात ठेवलेल्या घंगाळात कसे पाणी जमणार, हे घंगाळ किती घासले आहे यावर नव्हे, तर पागोळ्या कोणत्या छपरावरून येतात यावर ठरते.

भोपाळच्या नागरिकांनी व शासनाने घंगाळ घासण्यात कसूर केली, असे मात्र कोणी म्हणू नये. १९९५ ते २००४ या काळात जपानच्या कर्जसाहाय्याने भोज पाणथळ प्रकल्प राबविण्यात आला. गाळ काढणे, जलपर्णी उपसणे, सांडपाणी अन्यत्र वळविणे, काठावर वृक्षारोपण करणे, मूर्तिविसर्जनासाठी वेगळी सोय करणे, अशी अनेक कामे त्यात झाली. २००२ मध्ये रामसर कराराच्या यादीत या तळ्यांचा समावेश होऊन त्यांस आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. २००८ च्या पावसाने दगा दिल्यावर तळे आक्रसले, तेव्हा २००९ मध्ये हजारो नागरिक कुदळ-घमेली घेऊन कोरड्या पात्रात उतरले व त्यांनी श्रमदानाने गाळ उपसला. सर्व धर्मांची, सर्व थरांची माणसे एका रांगेत उभी राहून घमेली पुढे सरकवीत होती. त्या श्रमदानाचे मोल आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाही.

परंतु गाळ हा काही एकदाच येणारा पाहुणा नव्हे. उतार उघडे राहिले तर तो दर पावसाळ्यात येतच राहणार. म्हणूनच जलसंधारणाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे, असा महाराष्ट्रातील अनेक गावांनी अनुभवाने पडताळलेला नियम आहे. आधी टेकडीवर चर व झाडे, मग ओढ्यावर बांध, आणि सर्वांत शेवटी तळे. शहरात आपण नेमके उलट करतो. तळ्यावर प्रेम करतो आणि ओढ्याकडे पाठ फिरवतो.

या उपेक्षेच्या खुणा भोपाळमध्ये ठायी ठायी दिसतात. मोठ्या तळ्यास मिळणाऱ्या एका प्रवाहाचे नाव शिरीन. फारसी भाषेत शिरीन म्हणजे गोड! आज त्याचा उल्लेख सर्रास नाला म्हणूनच होतो. १७९४ मध्ये छोटे खान या दिवाणाने बांधविलेल्या लहान तळ्यास बाणगंगेचा नाला मिळतो. नाव गंगेचे आणि प्रवाह सांडपाण्याचा. भदभद्याच्या खाली वाहणाऱ्या कलियासोत नदीची कथाही अशीच. येथील एका पर्यावरण-अभ्यासकाने दाद मागितल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला की, या नदीच्या दोन्ही काठांस ३३ मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवावा. मात्र काठ नेमका कोठे संपतो, याची मोजणी पुढे कित्येक वर्षे रेंगाळली. न्यायालय रेषा सांगू शकते; ती जमिनीवर उमटते की नाही, हे पाहणारे डोळे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांचेच लागतात.

यावर कोणी म्हणेल, हे काम नगरपालिकेचे. शिवाय आपण मुळात परप्रांतीय. आम्हांस हे दोन्ही आक्षेप मान्य नाहीत. कलशपूजेच्या वेळी आपण सात नद्यांचे आवाहन करतो. त्यांतील नर्मदा आता भोपाळच्या नळांतून घरोघरी येते. गंगेचा सीलबंद गडू कित्येकांच्या देवघरात असतो. आता आपल्या मोरीच्या पाण्याची वाट पाहा. लहान तळ्यातून निघालेले पाणी पात्रा नाल्याने हलालीस जाते, हलाली बेतव्यास मिळते. कलियासोतही भोजपूरजवळ बेतव्यातच विसर्जित होते. बेतवा हमीरपूरपाशी यमुनेस मिळते आणि यमुना प्रयागास गंगेस. देव्हाऱ्यात जिला आपण हात जोडतो, तिच्याकडेच आपली मोरी वाहते आहे. अशा स्थितीत परप्रांत तो कोणता, आणि परकी नदी ती कोणती?

आता गणेशोत्सवाविषयी थोडे स्पष्ट बोलावयास हवे, कारण या शहरात तो थाटाने साजरा करण्यात मराठी घरांचा वाटा मोठा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. ती तळाशी रुतून बसते आणि तिचे रंग पाण्यात उतरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींस मनाई केली आहे. मातीची मूर्ती उत्तम खरीच. पण हजारो मूर्तींची माती हाही तळ्याच्या दृष्टीने गाळच. तेव्हा लहानशी मूर्ती येथीलच कुंभाराकडून घ्यावी, घरी बादलीत विसर्जन करावे आणि ते पाणी तुळशीस वा झाडांस घालावे. यात परंपरेचा भंग होत नाही. मातीतून आलेला देव मातीत जातो, एवढाच तर त्या विधीचा आशय आहे.

आमच्या मंडळांनी वर्षाकाठी एक सहल कोलांसच्या काठी न्यावी, अशी आमची सूचना आहे. मुलांना तळ्यावर नौकाविहार पुष्कळ घडतो. त्यांना एकदा उगमाकडची वाट दाखवावी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वसाहतीने आपल्या दारचा नाला कोठून येतो व कोठे जातो, याचा एक साधा नकाशा काढून मंडळाच्या फलकावर लावावा. वाटेत कोणी राडारोडा टाकीत असेल, प्रवाह बुजवीत असेल, तर दहा घरांच्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेत द्यावा व त्याची पोच जपून ठेवावी. कार्य लहान आहे, वर्तमानपत्रात छायाचित्र येण्याजोगे तर नाहीच. पण यंदाच्या पावसाला फार दिवस उरलेले नाहीत, आणि नकाशा काढावयास एक रविवार पुरेसा आहे.