शिष्य हरवलेली शिष्यवृत्ती

दिवाळी अंक हातात पडतो तेव्हा घरात चकलीच्या भाजणीचा वास दरवळत असतो आणि अंगणात पोरांनी किल्ल्यासाठी माती कालवून ठेवलेली असते. अशा घरात अभ्यासाचे नाव काढणाऱ्या मास्तराला शहाण्या यजमानाने उंबऱ्याबाहेरच थोपवावे. परंतु यंदा मी अभ्यास करा म्हणून सांगायला आलेलो नाही. अभ्यास थांबवा, निदान सणाच्या दिवसांपुरता तरी थांबवा, असे सांगायला आलो आहे. आणि ज्या घरात शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारे मूल आहे त्या घरच्या वडीलमंडळींशी मला जरा भांडायचेही आहे.

आमच्या सातारा-सांगलीकडे असे घर हुडकावे लागत नाही. आळीत एखादे पोर सकाळी सहाला कानटोपी घालून दप्तर पाठीवर टाकून निघालेले दिसले की समजावे, याला यंदा 'स्कॉलरशिप' आहे. शाळेपूर्वी जादा तास, शाळेनंतर जादा तास, रविवारी सराव परीक्षा. आणि सहामाही संपून सुट्टी लागते न लागते तोच 'दिवाळी विशेष वर्ग'. एस.टी. स्टँडच्या बाहेर फ्लेक्स लागलेला असतो. त्यावर मागल्या वर्षी यादीत आलेल्या मुलांचे चेहरे, खाली गुण, आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत क्लासचे नाव. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा चेहरा जाहिरातीला वापरावा, याचे कुणाला काही वाटत नाही. आईबापांना तर तो सन्मानच वाटतो. "सर, औंदा आमच्या पोराचा फोटो तिथं लागला पाहिजे बघा," असे सांगणारे बाप मला दर जूनमध्ये भेटतात. पोराला गणित आले पाहिजे, असे सांगणारा क्वचित भेटतो.

ही परीक्षा काही आजची नव्हे. १९५४-५५ पासून ती चालत आली आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. प्रश्नपत्रिका दोन. पहिलीत प्रथम भाषा आणि गणित, दुसरीत इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न, १५० गुण आणि वेळ दीड तास. भागाकार करून पाहा : एका प्रश्नाला बहात्तर सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, विचार करायचा, चार पर्यायांतून एक निवडायचा आणि त्याचे वर्तुळ रंगवायचे. सोप्या प्रश्नाला एवढा वेळ पुरतो हे खरे. पण कठीण प्रश्नाला तो पुरवायचा तर मुलाने विचार करण्याऐवजी आठवावे हेच बरे, असे कुणीतरी ठरवले, आणि तिथूनच सारा बाजार सुरू झाला.

मूळचा हेतू मात्र उदात्त होता. वृत्ती म्हणजे चरितार्थाचे साधन. ज्याच्यापाशी बुद्धी आहे पण घरी तेलाला महाग आहे, त्या शिष्याच्या पोटापाण्याची आणि वह्या-पुस्तकांची सोय समाजाने करावी, म्हणून शिष्यवृत्ती. या भागाला हा विचार कुणी नव्याने शिकवायला नको. १९०० साली सातारच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले ते भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या वसतिगृहाच्या दारात मुलाला कुणी विचारले नाही की तुझा यादीत कितवा नंबर. विचारले ते एवढेच, की शिकायचे आहे ना, आणि कष्ट करायची तयारी आहे ना? देवराष्ट्रे हे गाव तेव्हा साताऱ्यात होते, आज सांगलीत आहे. तिथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले तेव्हा गरीब पालकांच्या मुलांची फी माफ झाली. फी माफ करतानाही पाहिली ती बापाची मिळकत, मुलाचा क्रमांक नव्हे.

आता आजची शिष्यवृत्ती पाहा. दोन्ही स्तरांवर मिळून राज्यात बत्तीस हजारांहून अधिक मुलांना ती मिळते. रक्कम अनेक वर्षे फार तर हजार-दीड हजारांची होती. २०२३ साली ती वाढवून वरच्या वर्गासाठी वर्षाला साडेसात हजार आणि खालच्या वर्गासाठी पाच हजार केली. वाढवली हे चांगलेच झाले. पण सर्वसाधारण यादीसाठी बापाची मिळकत कुणी विचारीत नाही. सांगलीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, साताऱ्याच्या डॉक्टरांची मुलगी आणि माण तालुक्यातल्या मेंढपाळाचे पोर एकाच रांगेत उभे राहतात आणि आपण त्याला समान संधी म्हणतो. एक हिशेब मांडू. महिन्याला हजार रुपये घेणारा क्लास धरला, तर दहा महिन्यांचे दहा हजार होतात. पाच हजारांच्या वृत्तीसाठी दहा हजार आधीच मोजणाऱ्या बापाला त्या वृत्तीची गरज नाही, हे त्याच्या पावतीवरच लिहिलेले आहे. ज्याला गरज आहे त्याच्याजवळ पावती नाही, आणि म्हणून यादीत नावही नाही. औषध विकत घेण्याची ऐपत असलेल्यालाच धर्मादाय दवाखान्याचा चिठ्ठीपत्र मिळावा, तसा हा प्रकार झाला.

बरे, दहा हजार मोजून मुलाच्या पदरात पडते काय? बुद्धिमत्ता चाचणी हा या परीक्षेतला सर्वांत गोड भाग. मांडणाराने तो मुलांच्या खोडकर डोक्यासाठी मांडला होता. एक मोठा चौरस, त्याच्या आडव्या चार आणि उभ्या चार घरांची जाळी. सांगा, यात एकूण चौरस किती? मूल आधी सोळा म्हणते. मग त्याला चार घरांचा चौरस दिसतो, बोट ठेवून ते नऊ मोजते. मग नऊ घरांचे चार सापडतात आणि शेवटी सगळ्यांना पोटात घेणारा एक. सोळा, नऊ, चार, एक, बेरीज तीस. ज्या मुलाने हे स्वतः मोजले त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो त्याला शिक्षण म्हणतात. त्याला वर्गसंख्येची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. ती त्याच्याकडे आपणहून चालत आलेली असते. क्लासमध्ये काय होते? पहिल्याच दिवशी सूत्र लिहून देतात. पोर सूत्र घोकते, आकडे घालते, पर्याय क्रमांक तीन रंगवते. त्याने चौरस पाहिलेलाच नसतो. जाळीत एक रेघ कमी केली की त्याचे तोंड उतरते. कारण सूत्रात ती रेघ नाही.

सांकेतिक भाषेचेही तेच. इंग्रजी अक्षरांचे क्रम लक्षात राहावेत म्हणून 'इजोटी' नावाचा मंत्र मुलांना पढवतात : पाचवे, दहावे, पंधरावे, विसावे आणि पंचविसावे अक्षर. मंत्र उपयोगी आहे, त्याच्याशी माझे वैर नाही. पण पोर तो मुंजीतल्या मंत्रासारखा म्हणते. त्या कोड्यात काय गंमत दडली आहे ते त्याला कुणी सांगत नाही. बुद्धी मोजायला काढलेली परीक्षा अशा रीतीने पाठांतर मोजू लागली. फूटपट्टीच ताणली तर कापडाचे माप काय कळणार?

सरकारचीही एक कथा आहे. पूर्वी ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या कित्येक जिल्हा परिषद शाळा चौथीला किंवा सातवीला संपतात. ज्या गुरुजींनी पोराला पहिलीपासून घडवले, त्यांच्या हातून ते परीक्षेच्या ऐन वर्षी निसटू लागले आणि या शाळांची मुले परीक्षेला कमी बसू लागली. अखेर २०२५ साली परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचे ठरले. निर्णय योग्यच, या शाळांतले गुरुजी पदरमोड करून, एक पैसा न घेता जादा तास घेत आले आहेत, आणि या साऱ्या व्यवहारात मला आदर वाटतो तो त्यांचाच. पण इयत्ता बदलल्याने रोग बदलत नाही. उलट आता भीती अशी की क्लासवाले तिसरीच्या पोरांना 'पूर्वतयारी'ला बोलावतील.

आणि जी पोरे कुणाच्याच हिशेबात नाहीत त्यांचे काय? परीक्षा बहुतेक वर्षी फेब्रुवारीत झाली आहे. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. दिवाळीच्या सुमारास रेठऱ्याला, भुईंजला, सांगलीला कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडचे, जतकडचे ऊसतोड मजूर बिऱ्हाडासह कृष्णाकाठी येऊन कोप्या टाकतात. त्यांच्याबरोबर त्यांची चौथी-सातवीची पोरे असतात. आई-बाप पहाटे फडात जातात तेव्हा ही पोरे धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढ्याचे भारे बांधतात. शाळा गावाकडे, पोर इकडे, आणि परीक्षेचा अर्ज दोन्हीकडे नाही. ज्याच्या उसाच्या साखरेचे लाडू आपण दिवाळीला खातो त्याच्या मुलापर्यंत ही शिष्यवृत्ती पोचत नाही. आणि मूळ ती ज्याच्यासाठी काढली तो शिष्य हाच होता.

यावर मला नेहमी तीन उत्तरे मिळतात. पहिले : "हे स्पर्धेचे युग आहे, आत्तापासून सवय हवी." मी म्हणतो, सवय कसली? पुढे स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांत तिशी ओलांडेपर्यंत बसण्याची? तिची तालीम दहाव्या वर्षी कशाला? दुसरे : "शाळेचे नाव होते." शाळेचे नाव होते, हे खरे, पण त्या नावासाठी वर्गातली दहा हुशार मुले वेगळी बसवतात आणि उरलेली तीस मागल्या बाकावर बसून ऐकतात की आपण हुशार नाही. ते वाक्य त्यांना जन्मभर पुरते. तिसरे उत्तर : "गरिबांसाठी निवड करायची तर गुणवत्ता कशी टिकेल?" याचे उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. २००७-०८ पासून केंद्राची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आठवीच्या मुलांसाठी आहे. तिलाही परीक्षा आहे, कठीण आहे. पण पालकांच्या वार्षिक उत्पन्नाला साडेतीन लाखांची मर्यादा आहे आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतले असावे लागते. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार मिळतात. तिच्याभोवतीही क्लास उगवले आहेत, हे मी जाणतो. तरीही पैसा निदान गरजवंताच्याच घरी जातो. बुद्धी आणि गरज या दोन्ही गोष्टी एकाच अर्जावर विचारता येतात, हे यावरून सिद्ध होते.

परीक्षा बंद करा असे मी म्हणणार नाही. ती बंद झाली तर नुकसान होईल ते माणच्या आणि आटपाडीच्या पोराचे. शहरातल्या पोराला दुसरी परीक्षा सापडेल. माझे मागणे थोडे आहे. सर्वसाधारण यादीलाही उत्पन्नाची मर्यादा लावावी. वरच्या मिळकतीच्या घरच्या मुलाला प्रमाणपत्र द्यावे, शाबासकी द्यावी, पैसे देऊ नयेत. शाळेने तयारी शाळेच्या वेळात आणि सगळ्या वर्गाची करून घ्यावी. ज्याला परीक्षेला बसायचे नाही त्यालाही चौरस मोजायची गंमत कळू द्यावी. कोपीतल्या मुलाचा अर्ज तो जिथे असेल तिथल्या शाळेने भरावा आणि केंद्रही त्याला तिथलेच द्यावे. मुलांचे चेहरे फ्लेक्सवर टांगणे थांबवावे.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. घरातल्या कर्त्यांना मात्र आजच दोन गोष्टी करता येतील. सुट्टीतल्या वर्गाला मुलाला पाठवू नका. किल्ला रचणारे पोर उतार, उंची आणि क्षेत्रफळ यांच्याशीच झगडत असते, आणि तटबंदी ढासळली की कारण शोधते. कुठल्याही सराव संचात याहून चांगला प्रश्न नाही. दुसरी गोष्ट जरा खिशाला लागणारी आहे. तुमच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली आणि तुम्हाला तिची गरज नसली, तर मुलाच्याच हाताने ती रक्कम जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या पुस्तकांसाठी द्या. यादीतला क्रमांक त्याच्याकडेच राहील, आणि शिष्याची वृत्ती कशी असावी ते त्याला कुठल्याही क्लासशिवाय कळेल.