फवारणीआधी पान उलटून पाहा

पोळ्याच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यात कपाशी भरात येते आणि गावोगावी फवारणीचे पंप बाहेर निघतात. पाने वळलेली दिसली, शेजाऱ्याने फवारले किंवा दुकानदाराने ‘आता मारूनच घ्या’ म्हटले, की फवारणी ठरते. २०१७ च्या अशाच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर मास्क, हातमोजे, जहाल कीटकनाशके, औषधांचे मिश्रण यांवर बरीच चर्चा झाली. ती हवीच होती. पण त्याआधीचा प्रश्न मागे पडला : मुळात फवारणी कधी गरजेची असते?

बीटी कपाशीला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातील प्रथिन बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे फवारणीचा मोठा भाग या किडींकडे वळला. मात्र कीड दिसली म्हणजे नुकसान झाले, असे नसते. थोडी कीड झाड सहन करते. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाइतके होऊ लागते, त्याच्या थोडे आधी फवारायचे असते. या टप्प्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ही कल्पना नीट मांडली. आज आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशीही तिच्यावरच उभ्या आहेत.

कपाशीसाठी ही पातळी साधारण अशी : पानामागे सरासरी २ ते ३ तुडतुडे, किंवा १० मावा, किंवा १० फुलकिडे. त्यासाठी शेतभर फिरून २० झाडे निवडायची. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे एकेक पान उलटून किडी मोजायच्या. समजा, ६० पानांवर ९० तुडतुडे मिळाले, तर सरासरी दीड येते. फवारणीची गरज नाही; काही दिवसांनी पुन्हा मोजायचे. १५० मिळाले तर सरासरी अडीच, म्हणजे पातळी गाठली. या मोजणीला पैसे लागत नाहीत, सकाळचा थोडा वेळ लागतो.

मोजताना आणखी दोन गोष्टी कळतात. पाने लाल पडली की अनेक जण लगेच कीटकनाशक घेतात. तुडतुड्यांमुळेही पाने लाल होतात, पण मॅग्नेशियम किंवा नत्राच्या कमतरतेमुळे येणारा लाल्याही तसाच दिसतो. पानामागे कीडच नसेल तर ती फवारणी वाया जाते. दुसरे म्हणजे मित्रकीटक दिसतात. ढालकिडा आणि क्रायसोपाच्या अळ्या माव्यावर जगतात. ते पुरेसे असतील तर थांबणे फायद्याचे. जोराचा पाऊसही मावा बराच धुऊन काढतो.

घाईच्या फवारणीत आधी मरतात ते हे मित्रकीटक. हंगामाच्या सुरुवातीला सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील औषधे मारली, की पुढे पांढरी माशी आणि लाल कोळी वाढतात, हा अनुभव जुना आहे. कोळी तर कीटकही नाही. त्याला आठ पाय असतात आणि अनेक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. त्याच्यासाठी कोळीनाशकच लागते. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा वापरल्याने किडी त्याला दाद देईनाशा होतात. पंजाबात २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने कापसाचे मोठे नुकसान केले, तेव्हा फवारण्यांवर फवारण्या करूनही ती आवरली नव्हती.

इथेच शेतीचा प्रश्न आरोग्याचा होतो. फवारायचे की नाही हे शेतमालक ठरवतो. पंप मात्र अनेकदा मजुराच्या पाठीवर असतो. डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, दमट उन्हात, अंगावर पडणारे तुषार त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात. अशा उकाड्यात जाड संरक्षक कपडे घालून काम करणे किती अवघड, हे शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी हेच सर्वांत खात्रीचे संरक्षण. गरज पडलीच तर सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करावी. रासायनिक औषध वापरायचे तर एका वेळी एकच, लेबलवरील मात्रेत, वारा नसताना आणि उन्हाची वेळ टाळून फवारावे. घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी जाणवली तर काम थांबवून, कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन औषधाच्या डब्यासह रुग्णालय गाठावे.

राज्याचा ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प २००९ पासून गावोगावच्या नोंदी घेऊन सल्ला देतो. पण गावाची सरासरी म्हणजे आपले शेत नव्हे, आणि सल्ला पोहोचेपर्यंत दुकानातून औषध घरी आलेले असते. औषध विकणाराच गरज ठरवत असेल, तर मोजणीचा आग्रह धरणार कोण? कृषी सहायक, शेतकरी गट आणि शाळकरी मुलेही पाने मोजू शकतात. पंप भरण्याआधी मालकाने ‘मोजले का?’ एवढे स्वतःला विचारावे. मजुरानेही ते विचारायला संकोचू नये.