कापडाखालचं दाखवा

मंगळवारी धाकट्या बहिणीकडे सोफा उलटा करून त्याचं पोट फाडलं. जुने सोफे नवे करून विकणाऱ्या एका दुकानातून तिने तो दोन महिन्यांपूर्वी १४,००० रुपयांना घेतला होता. राखाडी कापड, पांढरं पायपिंग, पायांना ताजं पॉलिश. फक्त डावीकडे बसलं की माणूस खाली जायचा आणि काहीतरी करकरायचं. तळाच्या काळ्या कापडाच्या पिना मी पकडीने उपसल्या आणि हात आत घातला. झिगझॅग स्प्रिंग तुटलेली, तिच्या जागी गोणपाटाची गुंडाळी कोंबलेली. बैठकीचं कापड उसवलं तर खाली मरून रेक्झिन. तेही जुनंच, पापुद्रे सुटलेलं. त्याखाली चिमटीत चुरा होणारा पिवळा फोम. बहीण म्हणाली, “दादा, म्हणजे मी दोन महिने दुसऱ्याच्या सोफ्यावर बसले होते.”

हे वाचून कुणाला वाटेल की माझा जुन्या मालावर राग आहे. तसं अजिबात नाही. हिंजवडी-खराडीत भाड्याचं घर सोडताना माणसं मिळेल त्या किमतीला सोफा देऊन टाकतात, कारण दुसऱ्या गावी न्यायचं भाडंच जड होतं. तो कुणी छोट्या हत्तीत घालून नेला, चार दिवस त्यावर राबला आणि दुपटीने विकला, तर तो पैसा त्याने घामाने मिळवला. जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याला मी अशी कामं उभं राहून पाहिली आहेत. चांगला कारागीर आधी सोफा सोलतो. पिना, कापड, फोम, पट्टे सगळं काढून लाकडाचा सांगाडा उघडा करतो, सांधे हलवून बघतो, भुसा पडतोय का ते बघतो आणि मग बांधायला घेतो. त्या नफ्याला माझा सलाम आहे.

पण सोलायला वेळ लागतो आणि वरून कापड चढवायला लागत नाही. इथे मला सारखा आठवतो तो आमच्या वाड्यात येणारा कल्हईवाला. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, पातेलं घासून लख्ख करायचा, तापवून त्यावर नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा, मग कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन पसरवायचा. आई ओट्यावरून बघत असायची. लहानपणी वाटायचं, हा माणूस किती प्रामाणिक. तो असेलही, पण त्याच्या कामात लपवायला जागाच नव्हती. नवसागर तांब्यावरचा काट जाळतो म्हणून कथील बसतं. मळक्या तांब्यावर ते धरतच नाही, गोळे होऊन निसटतं. धातू उघडा केल्याशिवाय कल्हई होऊच शकत नाही. शिवाय सहा महिन्यांनी आतलं तांबं दिसायला लागलं की घरातल्या पोरालाही कळायचं, कल्हई उडाली.

कापडाचं तसं नाही. ते कशावरही बसतं. तुटलेल्या स्प्रिंगवर, कुजलेल्या फोमवर, ढेकणांवरसुद्धा, आणि ढेकूण रक्ताविना कित्येक महिने तग धरतात. कल्हईत धातूच कारागिराला शिस्त लावायचा. सोफ्यात ती शिस्त गिऱ्हाइकाने मागून घ्यावी लागते, आणि आपण मागतो काय? आपण रंग मागतो.

निदान वजन तरी मागा. मोजून घ्या असं मी नेहमीच म्हणतो, आणि इथे त्याला गणित आहे. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं किलोतलं वजन. २४ इंच लांब, २४ रुंद आणि ४ जाड अशी बैठक ४० डेन्सिटीची असेल तर ती सुमारे दीड किलो भरते, आणि २३ डेन्सिटीची ९०० ग्रॅमसुद्धा नाही. खोळ काढून काट्यावर ठेवा, झालं. बोटाने दाबून बघू नका. हलका फोमही घट्ट बनवता येतो आणि घट्ट फोम टिकतोच असं नाही. बहिणीला ४० डेन्सिटी सांगितली होती. तिची ह्याच मापाची बैठक काट्यावर ९५० ग्रॅम भरली.

जीएसटीच्या ३२(५) नियमाखाली जुन्या मालाचा व्यापारी खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच कर भरू शकतो. सरकारला तो फरक मोजावासा वाटतो, मग गिऱ्हाइकाला तो फरक कशाचा ते बघायला का मिळू नये? सोललेल्या सांगाड्याचे दोन फोटो आणि फोमचं वजन एवढं पावतीसोबत द्या. ज्याने खरंच काम केलंय त्याच्या मोबाइलमध्ये ते फोटो असतातच.

   

बहिणीच्या गल्लीत एक वयस्कर कुशनवाले आहेत. गुरुवारी त्यांनी खाली पार्किंगमध्ये सोफा पूर्ण सोलला. सांगाडा सागाचा निघाला, एक मागचा सांधा सोडला तर धडधाकट. स्प्रिंगा, पट्टे आणि फोम मिळून ६,५०० रुपये सांगितले. कापड तेच धुऊन वापरणार. बहिणीने घासाघीस केली नाही. तळाचं काळं कापड मात्र पिनांनी ठोकू नका, वेल्क्रोने लावा, असं तिने दोनदा बजावलं.