उष्णतेचा ताळेबंद

गिरणीतून दळण आणलं की पिठाचा डबा गरम लागतो. त्यावरून गिरणी बिघडली असा निष्कर्ष आजवर कोणत्याही गृहिणीने काढलेला नाही. पण घरातल्या संगणकाने तासभर व्हिडिओ दळला आणि त्याचं अंग गरम झालं, की सल्लागारांची रीघ लागते. ‘तापलाय!’, ‘बंद करा!’, ‘पोरांनी वाट लावली!’ मंडळी, मी या सल्लागारांच्या विरुद्ध आहे, आणि हे चारचौघांत सांगायला भीत नाही.

विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पुढे बी. कॉम. आणि मग बँकेचा काउंटर. पण संगणकाचं तापणं हा मुळात हिशेबाचाच विषय आहे. जोराचं काम चालू असताना तुमचा संगणक समजा 300 वॅट वीज खातो. छताचे चार पंखे मिळून साधारण तेवढीच खातात. पंख्याचा निदान वारा तरी लागतो. संगणकातून काय बाहेर पडतं? चित्रं आणि आकडे. त्यांना ना वजन, ना वारा. म्हणजे खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. जमा 300, खर्च 300. बाहेर पडली नाही ती उष्णता आत साठते. तेव्हा ‘भरपूर काम कर, पण तापू नकोस’ हे सांगणं म्हणजे ‘ठेवी घ्या, पण व्याज देऊ नका’ म्हणण्यासारखं आहे. उष्णता होणारच. प्रश्न एवढाच, की तुम्ही तिला दार उघडं ठेवलंय का?

बहुतेक घरांत ठेवलेलं नसतं, कारण आपण संगणकाचे भक्त आहोत. 1984 साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि पुढे शाखांत यंत्रं आली. त्यांच्यासाठी थंडगार खोली असे आणि चपला बाहेर काढून आत जावं लागे, असं आमचे जुने सहकारी सांगतात. त्यामागे धूळ आत जाऊ नये हा हेतू होता. आपण भक्तिभाव तेवढा उचलला आणि धुळीचा मुद्दा चपलांपाशी बाहेरच ठेवला! मग टेबलाखालच्या बंद कप्प्यात यंत्राची स्थापना झाली, पाठ भिंतीला टेकली, वर विणलेलं कव्हर आलं, आणि केरसुणीने उडवलेली सगळी धूळ रोज नैवेद्यासारखी त्याच्या तोंडात जाऊ लागली.

दुसरा पंथ गारवावाल्यांचा. यांचा सल्ला एकच, ‘समोर कूलर लावा.’ अहो, पाण्याच्या कूलरची हवा दमट असते. ती आतल्या धुळीला लागली की तिचा लगदा होतो. मात्र खोलीच्या तापमानाला अर्थ आहे, कारण ती आरंभीची शिल्लक आहे. साधा पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली 30 अंशांवर असताना प्रोसेसर 80 वर जात असेल, तर नागपूरच्या मे महिन्यात 42 अंशांच्या खोलीत तेच काम त्याला साधारण 92 वर नेईल. म्हणून जड काम रात्री लावावं. वीज तीच, हिशेब तोच, शिल्लक कमी.

आता खरा अन्याय ऐका. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास पोचले की जीव वाचवायला आपला वेग स्वतःच कमी करतात. आपण त्यावर निदान करतो, ‘म्हातारा झाला, नवा घ्या.’ माझी भाची लग्नाचे व्हिडिओ जोडून देते. घराचा निम्मा खर्च त्यावर चालतो. तिचं यंत्र असंच मंदावलं. दुकानदाराने नव्या यंत्राचा साठ हजारांचा अंदाज हातावर ठेवला आणि पोरगी माझ्याकडे कर्जाचा अर्ज मागायला आली. बँकेचा धंदा बुडवून मी म्हटलं, “आधी उघडून तर बघू.” प्लग काढून झाकण उघडलं, तर प्रोसेसरवरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांत धुळीचं चक्क घोंगडं बसलेलं, आणि उष्णता पोचवणारी पेस्ट जुन्या डिंकासारखी वाळलेली. मऊ ब्रश फिरवला, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारला आणि वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. यंत्र पूर्ववत पळू लागलं. अर्ज कोराच राहिला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नवं यंत्र, रंगीत दिव्यांचे पंखे, बर्फ, कूलर यांवर पैसा उधळण्याआधी यंत्र कप्प्यातून बाहेर काढा. चालू असताना कव्हर घालू नका. पाठीमागे वीतभर जागा सोडा. झाकण कायमचं उघडं ठेवण्याचा शहाणपणा नको. त्याने हवेची ठरलेली वाट मोडते आणि धूळ फुकट मिळते. लॅपटॉप गोधडीवर ठेवून काम करू नका. गोधडी ऊब धरण्यासाठीच शिवलेली असते. आणि घाई नसेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जिथे सोय दिसेल तिथे प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 वरून 99 टक्क्यांवर आणा. बहुतेक यंत्रांत त्या एका टक्क्याने त्याची अतिरिक्त धावपळ थांबते. काम थोडं उशिरा होतं, पण ताप बराच उतरतो. सरकारी खात्यांना हे तत्त्व फार पूर्वीच उमगलेलं आहे.

आणि पंखा घोंघावू लागला की पोरांवर ओरडू नका. तो बिचारा उष्णता बाहेर टाकतोय, म्हणजे हिशेब जुळतोय. ऐन कामात तो गप्प झाला, की मात्र धावत जा.